चार ग्रॅम

लिपस्टिकचा कॅटलॉग आलाय भाषांतराला.
चोवीस छटा, आणि प्रत्येकीच्या कपाळी तोच इंग्रजी शब्द: बोल्ड.
बोल्ड लाल. बोल्ड जांभळा. बोल्ड तपकिरी,
जो मला तळाशी लागलेल्या साखरेसारखा दिसतो.
शुक्रवारपर्यंत हवंय. पानाला अडतीस झ्लॉटी.

इंग्रजांचं बरं आहे.
एकच शब्द ओठांना लावला, कॉफीला लावला,
शिपायाला, छापील अक्षरालाही.
पोलिशमध्ये बोल्ड अक्षर म्हणजे नुसतं जाड केलेलं.
शौर्य कसलं त्यात,
चार घास जास्त जेवलंय इतकंच.

मग एकेक काढून बघते.
तुपेत: फ्रेंचांकडून आला, उसन्या केसांच्या टोपावरून.
लिपस्टिकशी जमेल त्याचं, पण त्यात नाक वर आहे.
चेल्नोश्च: यात कपाळ आहे, न झुकणारं. म्हणजे आगाऊपणा.
त्याच्या आधी 'विना' जोडून बेस्चेल्नोश्च केलं
तरी अर्थ आगाऊपणाच.
कपाळ असलं तरी आगाऊ, नसलं तरी आगाऊ.
आई म्हणायची, बायकांचं तसंच असतं.
श्म्येच म्हणजे धजणं,
आणि श्म्येच म्हणजे कचरा.
हा कॅटलॉगमध्ये नको.

उरला ओदवागा, रोजच्या वापरातला.
त्याच्या पोटात वागा आहे, तराजू.
ओदवाझिच म्हणजे तोलून देणं, पाव किलो साखर वगैरे.
त्याच्यापुढे 'स्वतःला' ठेवलं की झालं: धजणं.
आणि ओदवाझ्निक म्हणजे पारड्यात टाकायचं वजन.

असं एक माझ्या टेबलावर आहे, कागद उडू नयेत म्हणून.
पितळी. वर कोरलंय, पन्नास ग्रॅम.

बिदगोश्चमधलं सरकारी दुकान, आई काउंटरला.
गिऱ्हाइकं कुरकुरायची, माल कमी भरतो.
व्यवस्थापक ओलेख्नोविच सगळ्यांदेखत लुत्कावर खापर फोडायचा,
लुत्का एकोणीस वर्षांची, हात थरथरायचे तिचे,
त्यामुळे पटायचंही.
एका संध्याकाळी पुसापुशी करताना आईनं हे उलटं केलं.
खालून कोरलेलं. भोकात मेण.
तिनं ते कोटाच्या खिशात टाकलं.
दुसऱ्या दिवशी ट्रामनं वजनमापांच्या कचेरीत गेली,
रांगेत उभी राहिली,
नंबर आल्यावर म्हणाली, एवढं जोखून द्या.

सेहेचाळीस.

ओलेख्नोविचची बदली झाली, याहून मोठ्या दुकानात.
आई इस्पितळाच्या धोबीखान्यात लागली, तिथेच निवृत्त झाली.
लुत्कानं लग्नाला बोलावलं नाही.

भीती नाही वाटली? मी एकदा विचारलं होतं.
चादरीची घडी घालत होती, दुसरं टोक माझ्या हातात.
वाटली की. दोनदा मध्येच उतरले ट्राममधून.
पण खिशात ते होतं ना,
कोट एका बाजूनं ओढत होता सारखा.

संपादक तिमोतेउशला मी पाठवलं: ओदवाझ श्ये.
धज.
त्याचं उत्तर अकरा मिनिटांत:
छान, पण जड वाटतंय. वजनकाटा आठवतो. बायकांना नाही आवडणार.
ओठांवर बसेल असं काही हलकं?

हलकं आहे ना.
श्म्यावो.
दारात घुटमळणाऱ्या पाहुण्याला म्हणतो आम्ही, श्म्यावो,
आत ये, बूट राहू देत,
ताटातला शेवटचा पिएरोग तुझाच.
चोवीस वेळा लिहिलं. तपकिरीखालीसुद्धा.
बिल जोडलं, पाठवून दिलं.

टेबल आवरताना वजन उलटं करून पाहिलं.
मेण कधीच निखळून गेलंय,
म्हणजे आता सेहेचाळीसही भरणार नाही.
किती भरेल ते मी कधी जोखलं नाही.
करंगळीचं टोक मात्र
त्या भोकात नेमकं बसतं.